आजोबांचा हजेरीचा पास महाजालावर ठेवावा का?

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र मोठे असल्यामुळे त्यातील मुख्य भाग येथे देतो.

"मी सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. आमचे घर कैकाडी समाजाचे असून आजोबांचे बालपण आणि तारुण्य सेटलमेंटमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवण्याच्या वसाहतीत, तारेच्या आत गेले. घरातील पत्र्याच्या पेटीत त्यांचा बाहेर जाण्याचा पास, त्यावर उमटलेला अंगठा, काही छायाचित्रे, वडिलांचा शाळेचा दाखला आणि आजीच्या आवाजातील अकरा कॅसेटी आहेत. चुलतभावाने एका कार्यालयातील जुन्या नोंदवहीची तीनशेहून अधिक पाने मोबाइलवर टिपून आणली असून त्यात सेटलमेंटमधील शेकडो माणसांची नावे, वय, शरीरावरील खुणा आणि शेरे आहेत. आम्ही पाच-सहा जणांनी हे सर्व कोणालाही पाहता येईल असा डिजिटल अभिलेख उभारायचे ठरवले आहे. एका परदेशी विद्यापीठातील संशोधकांनी सगळ्याच्या प्रती मागितल्या असून स्कॅनिंगचा खर्च करण्याची तयारीही दाखवली आहे. मात्र माझे थोरले काका म्हणाले, 'आधी सरकारने आमचे अंगठे घेतले, आता तू ते जगाला दाखवणार?' त्या दिवसापासून काम थांबले आहे. आमचा इतिहास झाकून ठेवला तर आमच्यावरचा कलंक पुसला कसा जाणार? आम्ही काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत, एक तुमचा आणि एक तुमच्या काकांचा. दोन्ही खरे आहेत, आणि काकांच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही, असे मला वाटते. म्हणून माझे मत आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. तुमच्याकडे काय काय आहे याची सविस्तर सूची सर्वांसाठी खुली करावी. छायाचित्रे, पास आणि दाखले त्या त्या घरच्या माणसांना विचारून, एकेक करून खुले करावेत. नोंदवहीची पाने मात्र नावांसकट महाजालावर ठेवू नयेत. संशोधकांना आज हार्ड डिस्क देऊ नये. आजीच्या कॅसेटींत काय आहे हे समाजातील वयस्क स्त्रियांनी ऐकून सांगेपर्यंत त्यातील एकही मिनिट कोठेही चढवू नये.

नोंदवहीपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत धोक्याची वस्तू तीच आहे. गुन्हेगार जमाती कायदा प्रथम १८७१ साली झाला आणि सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या कायद्याने त्याचा फास मुंबई इलाख्यापर्यंत आला आणि १९२४ साली तो पुन्हा एकत्रित करून मांडण्यात आला. एखादी जमात सरकारने अधिसूचित केली की तिच्यातील माणसाने काही केले आहे की नाही हे पाहण्याची गरज उरत नसे. त्याचे नाव नोंदवहीत चढे, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि पासाशिवाय हद्द ओलांडता येत नसे. सोलापुरात या माणसांच्या श्रमाला कापडगिरण्यांची मागणी होती आणि सेटलमेंटची व्यवस्था त्या मागणीशी जोडली गेली. ज्यांना तारेबाहेर राहण्याची मुभा मिळाली त्यांच्या वस्त्या 'फ्री कॉलनी' म्हणून ओळखल्या गेल्या. हे नाव आपल्या शहराच्या टपालाच्या पत्त्यात आजही आहे, आणि 'फ्री' म्हणजे कशापासून मुक्त, हे त्या पत्त्यावर पत्र टाकणाऱ्या कितीतरी सोलापूरकरांना माहीत नसते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. त्यानंतर सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ साली आला, आणि संशयाची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही.

म्हणून ही नोंदवही इतिहासाची साक्ष असली, तरी ती माणसांना जखडून ठेवण्याचे साधन म्हणून तयार झाली होती, हे विसरून चालणार नाही. ती कार्यालयाच्या कपाटात असते तेव्हा पाहणाऱ्याला अर्ज करावा लागतो, प्रवास करावा लागतो, धूळ झाडत पाने उलटावी लागतात. तीच पाने नावाने शोधता येतील अशा रूपात महाजालावर आली की नोकरी देणारा, घर भाड्याने देणारा, सोयरीक जुळवणारा किंवा चौकीतला शिपाई, कोणीही बसल्या जागी आडनाव टाकून पणतवंडापर्यंत पोहोचू शकतो. ज्या शेऱ्यावर तुमच्या आजोबांना कधी उत्तर देऊ दिले गेले नाही, तो शेरा मग त्यांच्या नातवंडांच्या नावाखाली उभा राहील. काकांनी एका वाक्यात हेच सांगितले आहे.

याच नोंदींची दुसरी बाजूही तुम्ही ध्यानात घ्या, कारण ती तुमच्या कामाला फार मोठा आधार देईल. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या जात प्रमाणपत्रासाठी व पडताळणीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरला जातो. ज्यांच्या वाडवडिलांजवळ ना जमीन होती ना सातबारा, त्यांच्याकडे हा पुरावा कोठून येणार? सेटलमेंटच्या शाळेचे जनरल रजिस्टर, पास, बदलीचा कागद, गिरणीतील नोंद हेच त्यांचे कागद आहेत. जो कागद कलंक लावतो तोच कागद नातवाला वसतिगृहात जागा मिळवून देऊ शकतो. तेव्हा नोंदवही कुलूपबंद करून विसरून जा, असे मी म्हणत नाही. जगाच्या शोधयंत्राला ती बंद असावी, पण ज्या घराचे नाव तिच्यात आहे त्या घराला आपले पान एका दिवसात मिळावे. तुमच्या अभिलेखाची प्रत पडताळणी समितीपुढे प्रमाणित म्हणून चालणार नाही, हे मात्र लोकांना स्पष्ट सांगा. प्रमाणित प्रत मूळ दप्तर ज्या कार्यालयात आहे तेथूनच घ्यावी लागेल. कोणत्या कार्यालयात, कोणत्या वहीत, कोणत्या पानावर नोंद आहे हे नेमके सांगता आले तरी तुम्ही त्या कुटुंबाचे महिनोन्महिने वाचवाल.

येथे माझी एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. अनेक वर्षांपूर्वी मी एका वृद्ध बाईंची मुलाखत ध्वनिमुद्रित केली होती. त्यांनी कागदावर अंगठा दिला होता, संमतीचा नमुना व्यवस्थित भरलेला होता, आणि मी ती मुलाखत जशीच्या तशी सर्वांना ऐकता येईल अशी ठेवली. त्यात त्यांनी आपल्या एका दिराविषयी काही सांगितले होते. दिराच्या मुलाने ते ऐकले आणि दोन घरांतील जाणे-येणे बंद झाले. मी मुलाखत काढून टाकली, तोवर तिच्या प्रती इतरत्र गेल्या होत्या. बाईंनी मला दोष दिला नाही. "तू कागद वाचून दाखवलास, पण हे कोण कोण ऐकणार ते सांगितलं नाहीस," एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी संमती घेताना कागद शेवटी काढतो. आधी मोबाइलवर एखादी तशीच मुलाखत लावून दाखवतो, ती मुंबईत, दिल्लीत, परदेशात कोणालाही अशीच ऐकता येते हे समोर घडवून दाखवतो, आणि मग आठ दिवसांनी पुन्हा येऊन विचारतो. तुम्हीही आठ दिवस मध्ये जाऊ द्या. पहिल्या भेटीत माणसे पाहुण्याचा मान राखण्यासाठी होकार देतात.

तुमचा पेच जगात इतरत्रही लोकांनी सोडवला आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात टेनंट क्रीक या गावी वारुमुंगू नावाचे आदिवासी लोक राहतात. त्यांची जुनी छायाचित्रे संग्रहालयांकडून आणि मिशनऱ्यांकडून परत येऊ लागली तेव्हा प्रश्न उभा राहिला की ती कोणी पाहावीत. काही चित्रे मृतांची होती, काही केवळ स्त्रियांनी किंवा केवळ पुरुषांनी पाहण्याच्या विधींची होती. तेव्हा त्यांनी किंबर्ली क्रिस्टन या अभ्यासक बाईंबरोबर असा संगणकीय संग्रह घडवला की ज्यात प्रवेशाचे नियम समाजाच्या रीतीवरून ठरतात. त्यातूनच 'मुकुर्तू' ही संगणकप्रणाली तयार झाली. ती आज कोणालाही विनामूल्य वापरता येते. मुकुर्तू म्हणजे जपून ठेवण्याच्या वस्तूंची पिशवी. ती एका जाणत्या माणसाच्या ताब्यात असते, आणि विचारायला येणाऱ्याने योग्य रीतीने विचारले तर तो ती उघडतो. मला यावरून आपल्याकडच्या आजीच्या बटव्याची आठवण होते. बटवा घरातल्या सर्वांसाठीच असतो, पण त्यातले कोणते मूळ कोणाला आणि केव्हा द्यायचे ते आजी ठरवते.

अमेरिकेतील पासामाक्वाडी या आदिवासी लोकांचे उदाहरण तुमच्या कॅसेटींना अधिक जवळचे आहे. १८९० साली जेसी वॉल्टर फ्यूक्स या संशोधकाने त्यांची गाणी आणि कथा मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केल्या. क्षेत्रात जाऊन केलेल्या जगातील अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी ती आहेत. शतकाहून अधिक काळ त्यांची वर्णने बाहेरच्या माणसांनी लिहिलेली होती. अलीकडे, लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती नव्याने स्वच्छ करून घेतली तेव्हा, कोणते मुद्रण सर्वांनी ऐकावे आणि कोणते नाही याचा निर्णय समाजाने केला, गाण्यांची नावे आणि वर्णने त्यांच्या भाषेत लिहिली गेली, आणि प्रत्येक मुद्रणासोबत ते कसे वापरावे याविषयी समाजाची सूचना जोडली गेली. अशा सूचनांना 'पारंपरिक ज्ञानाच्या खुणचिठ्ठ्या' म्हणता येईल. त्या कायद्याने बंधनकारक नाहीत, पण वाचणाऱ्याला समोर कोण उभे आहे हे त्या सांगतात.

तिसरे उदाहरण कॅनडाचे आहे आणि ते मला सर्वांत विचार करायला लावते. तेथे आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले. पुढे त्या शाळांतील अत्याचारांबाबत भरपाई मागताना हजारो लोकांनी बंद दाराआड साक्षी दिल्या. त्या साक्षी इतिहास म्हणून जतन कराव्यात, असे राष्ट्रीय अभिलेख केंद्राचे म्हणणे होते, आणि ते चुकीचे नव्हते. परंतु २०१७ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की त्या साक्षी १५ वर्षे ठेवाव्यात, ज्याला आपली साक्ष जतन व्हावी असे वाटते त्याने तसे सांगावे, आणि इतरांच्या साक्षी मुदतीनंतर नष्ट कराव्यात. मी आयुष्यभर कागद वाचवण्याचे काम केले आहे, त्यामुळे 'नष्ट कराव्यात' हा शब्द वाचताना मला त्रास होतो. तरीही त्या निर्णयात एक न्याय आहे हे मला मान्य करावे लागते. वेदना ज्याची, तिच्या कागदावर पहिला शब्द त्याचा.

या सर्व अनुभवांतून २०१९ साली आदिवासी समाजांच्या माहितीविषयी चार तत्त्वे मांडली गेली: माहितीतून समाजाचे सामूहिक हित व्हावे, तिच्यावर समाजाचा अधिकार असावा, वापरणाऱ्याने जबाबदारी घ्यावी, आणि सर्व व्यवहार नीतीला धरून असावा. त्याआधी, २०१६ साली, विज्ञानाच्या माहितीसाठी मांडलेली तत्त्वे वेगळी होती. माहिती सापडावी, मिळावी, इतर माहितीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी, एवढाच त्यांचा रोख होता. तुमच्या गटाने आतापर्यंत या दुसऱ्या चार गोष्टींचा विचार केला आहे आणि काका पहिल्या चार गोष्टी मागत आहेत.

आता 'समाजाचा अधिकार' म्हणजे कोणाचा, हा अवघड प्रश्न येतो. येथे मी सावधगिरीचा इशारा देऊ इच्छितो. समाज म्हणजे जातपंचायत नव्हे. ज्या व्यवस्थेला माणसांना वाळीत टाकण्याचा अधिकार आहे असे तिला स्वतःला वाटत आले, आणि जिला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तिच्या हाती तुमच्या अभिलेखाची किल्ली देऊ नका. तसे केले तर स्त्रियांचे आवाज, पंचायतीच्या विरोधात गेलेल्यांचे आवाज आणि आंतरजातीय लग्न करून बाहेर पडलेल्यांचे आवाज पहिल्याच दिवशी गाळले जातील. सात-आठ जणांचे एक लहान मंडळ करा, त्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया असू द्या, किमान दोघे विशीतले असू द्या, आणि काकांना त्यात आवर्जून बसवा. जो माणूस पहिल्या दिवशी योग्य प्रश्न विचारतो त्याच्यासारखा सभासद पैसे देऊनही मिळत नाही. मंडळाने काय ठरवले आणि का ठरवले हे तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या पिढीला निर्णय बदलायचा असेल तर तिला आपली कारणे माहीत असली पाहिजेत.

सूचीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुम्ही ग्रंथालयात काम करता आणि हे काम तुमच्याच हातून उत्तम होईल. दप्तरातील शब्द आणि तुमचे शब्द यांत भिंत ठेवा. कागदाच्या मूळ शीर्षकात 'गुन्हेगार जमात' असे असेल तर ते अवतरणचिन्हांत जसेच्या तसे नोंदवा, कारण ते पुसणे म्हणजे सरकारने काय केले हेच पुसणे होईल. परंतु विषय म्हणून, वर्णन म्हणून किंवा शोधशब्द म्हणून तो शब्द तुमच्या लेखणीतून येऊ नये. 'सेटलमेंटमधील कैकाडी कुटुंबे', 'हजेरी आणि पास', 'गिरणीतील काम', 'सेटलमेंटची शाळा' असे विषय लिहा. छायाचित्राखाली साहेबाचे नाव असते आणि बाकी सर्वजण 'काही रहिवासी' असतात. त्या रहिवाशांपैकी एकाचे जरी नाव एखाद्या आजींनी ओळखले, तरी ती नोंद साहेबाच्या नावाच्या वर लिहा आणि कोणी, कधी ओळखले तेही लिहा. जुन्या इंग्रजी कागदांत आपले शहर 'शोलापूर' आहे. जातींची नावे तर प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. म्हणून प्रत्येक नावाची सर्व जुनी रूपे सूचीत द्या, नाही तर उद्या शोधणाऱ्याला अर्धे दप्तर सापडणारच नाही. डब्लिन कोअर या नावाने ओळखली जाणारी सूचीतील नोंदी करण्याची पंधरा रकान्यांची साधी पद्धत तुम्हाला ग्रंथालयशास्त्रात शिकवली असेल. ती येथे पुरेशी आहे, फक्त तिला 'कोणाच्या घरातून आले', 'कोणी परवानगी दिली' आणि 'कोणापर्यंत खुले' हे आपले तीन रकाने जोडा.

सूची मराठीत असावी, कॅसेटींची नावे कैकाडीत असावीत. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०६ साली निघालेल्या चौथ्या खंडात कैकाडीची नोंद द्राविडी भाषांमध्ये आहे. मराठी आणि तेलुगू-कन्नडच्या गराड्यात सोलापुरात टिकलेली ही बोली आता घरातही किती बोलली जाते, हे तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. आजीचा आवाज म्हणूनच गाण्यांपुरता मोलाचा नाही. ती गाण्यांच्या मध्ये जे बोलली असेल, कोणाला हाक मारली असेल, कोणत्या शब्दाने टोपली विणण्याची काडी सांगितली असेल, ते सर्व ठेवा, काहीही कापू नका.

म्हणून हाताने करायचे पहिले काम कॅसेटींचे. कागद आणखी वीस वर्षे थांबेल, फीत थांबणार नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली पेटी आत किती तापते हे मी सांगायला नको. पेटी आजच जमिनीवर, घराच्या सर्वांत थंड खोलीत आणा आणि डांबराच्या गोळ्या काढून टाका. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर काही मुद्रित होणार नाही. वाजवण्यापूर्वी फीत एकदा शेवटपर्यंत आणि पुन्हा मागे हळू गुंडाळून घ्या. यंत्राचे हेड स्वच्छ असल्याची खात्री करा, आणि घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर आधी एखादी टाकाऊ कॅसेट लावून पाहा. मुद्रण वाव्ह स्वरूपात, किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या दर्जाने करा. एका तासाच्या कॅसेटला सुमारे एक जीबी जागा लागेल, म्हणजे अकराच्या अकरा एका साध्या पेन ड्राइव्हवर मावतील. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातील एक दुसऱ्या घरी. कागदांसाठी ४०० आणि छायाचित्रांसाठी ६०० डीपीआयचे टिफ स्कॅन करा, दाखवण्यासाठी त्यातून लहान जेपेग काढा. आणि कृपा करून आजोबांचा पास लॅमिनेशनच्या दुकानात नेऊ नका. आपल्याकडे प्रेमापोटी लोक हेच करतात. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत पिवळा पडत जातो.

कायद्याच्या बाजूचे दोनच मुद्दे. ध्वनिमुद्रणातील कलाकाराचा हक्क आपल्याकडे ५० वर्षे राहतो, त्यामुळे आजीच्या पश्चात सर्व वारसांना विचारणे नीतीचे तर आहेच, पण कायद्यानेही आवश्यक आहे. दुसरे, क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे आपले साहित्य कोणालाही ठरावीक अटींवर मोफत वापरू देणारा, परवाना एकदा दिला की तो ज्यांनी घेतला त्यांच्याकडून परत घेता येत नाही. सूचीला तो निःशंकपणे द्या. गाण्यांना देऊ नका.

संशोधकांविषयी तुमच्या मनात अढी दिसत नाही, आणि ती नसावीच. त्यांना नम्रपणे लिहा की साहित्य सोलापुरात पाहता येईल, प्रती मंडळाच्या परवानगीने एकेका वस्तूच्या मिळतील, नोंदवहीतील नावे छापताना बदलावी लागतील, आणि लेखनाचा मसुदा छापण्याआधी मराठीत सांगावा लागेल. त्यांच्या खर्चाने स्कॅनिंग करायचे असेल तर यंत्र येथे यावे, पेटी तिकडे जाऊ नये, आणि मूळ स्कॅन तुमच्याकडे राहावेत. बदल्यात त्यांच्याकडेही एक मागणी करा. सोलापूरच्या सेटलमेंटची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेकडे होती, आणि त्या मिशनच्या मूळ संस्थेची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. तेथील अहवालांत आणि छायाचित्रांत तुमची माणसे असण्याचा पुष्कळ संभव आहे. जो अभ्यासक तेथवर जाऊ शकतो त्याने त्यातील सोलापूरची यादी तुम्हाला करून द्यावी, हा देवाणघेवाणीचा रास्त भाव आहे.

सरकारी बाजूचे कागद शोधताना मुंबईतील राज्य पुराभिलेखागार आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ पाहा. १८८४ चे सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियरही वाचा. ते सेटलमेंटच्या आधीचे आहे, पण तुमच्या पूर्वजांकडे साहेबाची नजर कशी वळत होती ते त्यात दिसेल. हे सर्व उतरवून तुमच्याकडे साठवण्याची गरज नाही. कोठे काय आहे याची नोंद तुमच्या सूचीत आली की पुरे. चुलतभावाने टिपलेल्या पानांबाबत मात्र एक काम राहिले आहे. त्या कार्यालयाची रीतसर परवानगी घेतली होती का, हे त्यांना विचारा. नसेल तर अर्ज करून ती आता घ्या, म्हणजे पुढे कोणी तुमच्या समाजाकडे बोट दाखवणार नाही.

कलंक कसा पुसणार, हा तुमचा प्रश्न राहिला. शेकडो अंगठे दाखवून तो पुसला जाईल असे मला वाटत नाही. ते अंगठे कोणी, कोणत्या कायद्याने, कोणाच्या सहीने घेतले, हे दाखवून कदाचित पुसता येईल. तुमच्या संकेतस्थळाचे पहिले पान तसे करून पाहा. नियम, आदेश, हजेरीच्या वेळा आणि अधिकाऱ्यांच्या सह्या पूर्ण खुल्या ठेवा, त्यांत झाकण्यासारखे काही नाही. आजोबांचा पासही तेथे येऊ शकेल, मात्र अंगठ्यावर कागद ठेवून स्कॅन केलेला असावा की अंगठ्यासकट, हे काकांनी ठरवावे.

त्यांच्याकडे जाताना संगणक नेऊ नका. एक कॅसेट आणि वाजवायचे यंत्र न्या, आणि आजीचा आवाज त्यांना आधी ऐकू द्या.